पाली पंडिताचा चिमणराव

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले की डाव्या हाताला उजनीचा विस्तीर्ण जलाशय साथ करू लागतो. इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे गाव याच पाण्याच्या काठी आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. वस्ती वरच्या अंगाला सरकली, देवस्थानही नव्या गावठाणात उभे राहिले; पण पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर जागच्या जागीच राहिले. पाणी उतरू लागले की आधी त्याचे शिखर दिसते. एखाद्या कोरड्या वर्षी पाणी फारच ओसरले तर अख्खे मंदिर उघडे पडते. तेव्हा कुठे पाहणाऱ्याच्या ध्यानात येते की, आपण इतकी वर्षे ज्याला देऊळ म्हणत होतो ते केवळ शिखर होते. खांब, मंडप आणि गाभारा तर खालीच होता.

मराठी वाङ्मयात काही लेखकांच्या वाट्याला असेच काहीसे आलेले आहे. त्यांनी निर्माण केलेले एखादे पात्र लोकांच्या जिभेवर राहते आणि त्याखालचा लेखक मात्र काळाच्या पाण्यात बुडून जातो. चिंतामण विनायक जोशी हे त्यांतले ठळक उदाहरण. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही नावे माहीत नाहीत असे मराठी घर आजही सहसा सापडणार नाही. परंतु चिमणरावाचे जनक बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकवीत होते, त्यांनी संपादित केलेला बौद्ध ग्रंथ लंडनच्या विख्यात संस्थेने प्रसिद्ध केला आणि अभ्यासकांच्या जगात त्यांचे नाव चिमणरावाचा आधार न घेता टिकून आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

चिं. वि. जोशी यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. त्यांचे बालपण ज्या पुण्यात गेले ते पुणे मोठ्या उलथापालथीचे होते. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या वादाने घराघरांत तट पडलेले होते. १८९५ मध्ये आगरकर गेले; १८९७ मध्ये प्लेगने शहर ओस पाडले आणि त्याच वर्षी रँडचा वध झाला. राजकीय चळवळ, सामाजिक सुधारणा आणि जुन्या चालीरीती यांच्या ओढाताणीत सापडलेला पांढरपेशा माणूस तेव्हाच्या पुण्यात गल्लोगल्ली दिसत होता. नव्याचे आकर्षण आहे, पण जुने सोडवत नाही. तत्त्वे मोठी आहेत, पण पगार लहान आहे. पुढे ज्याचे नाव चिमणराव पडले, त्या माणसाचे हे मूळ बीज होते.

फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना जोशी यांच्या आयुष्याला एक अनपेक्षित वळण मिळाले. १९१२ मध्ये धर्मानंद कोसंबी या महाविद्यालयात पालीचे अध्यापक म्हणून आले. गोव्यातील सांखवाळ या गावी जन्मलेल्या कोसंबींनी बुद्धाच्या शोधात ऐन तारुण्यात घर सोडले होते. काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास करून, भिक्षुजीवन अनुभवून, नंतर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम करून ते पुण्यास परतले होते. ज्या धर्माचा उगम भारतात झाला, त्याच्या मूळ भाषेचा येथे मागमूसही उरलेला नव्हता. ती भाषा पुन्हा येथे रुजवावी हा त्यांचा ध्यास होता. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळावे यासाठी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्यांनी आपले वजन खर्च केले होते. कोसंबींच्या हाताखाली जे मोजके विद्यार्थी तयार झाले त्यांत पुरुषोत्तम विश्वनाथ बापट होते, ना. के. भागवत होते आणि चिं. वि. जोशी होते.

संस्कृत ही प्रतिष्ठेची भाषा होती आणि इंग्रजी पोटाची. पाली शिकून हाती काय लागणार, हा प्रश्न त्या काळी कोणाही बापाने विचारावा असाच होता. तरीही जोशींनी ही आडवाट धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी पाली शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीत एक पाठ्यपुस्तक सिद्ध केले. पुढे अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांनी पालीचे पहिले धडे याच पुस्तकावरून गिरवले. एखाद्या विनोदी लेखकाचे पहिले पुस्तक व्याकरणाचे असावे, हाही एक विनोदच म्हणायचा. पण जोशी यांचे सगळे आयुष्यच अशा विसंगतींनी भरलेले आहे.

काही काळ शाळामास्तरकी केल्यानंतर १९२० च्या सुमारास ते बडोद्याच्या महाविद्यालयात दाखल झाले. सयाजीराव गायकवाडांचे बडोदे हे तेव्हा विद्येचे आश्रयस्थान होते. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात लागू करणारे, ग्रंथालयांचे जाळे विणणारे, गुणी माणसे हेरून आणणारे असे ते राजे होते. कोसंबींनाही आधीच्या काळात याच दरबाराचे साहाय्य मिळाले होते. गुजराती मुलखातील हे मराठी राज्य होते; तेथे मराठी साहित्य संमेलने भरत, १९२१ मध्ये न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखालीही तेथे संमेलन झाले. महाविद्यालयात पाली शिकवणारे जोशी पुढे संस्थानच्या दफ्तरखात्याचेही अधिकारी झाले. एकीकडे बुद्धवचने आणि दुसरीकडे मोडी कागदांची बाडे अशी त्यांची दिनचर्या होती. पुण्यापासून दूर राहिल्यामुळेच की काय, पुणे त्यांना अधिक स्वच्छ दिसू लागले. चिमणरावाचे पुणे बडोद्यात बसून लिहिले गेले, हे विसरता येत नाही.

जोशींच्या विनोदाची मुळे शोधताना अभ्यासक बहुधा इंग्रजी विनोदकारांकडे वळतात. जेरोम, मार्क ट्वेन ही नावे त्या पिढीच्या वाचनात होतीच. परंतु ज्या ग्रंथसंभारात हा माणूस रोज वावरत होता, तिकडे सहसा कोणी पाहत नाही. पाली वाङ्मयातील जातककथा ५४७ आहेत. बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्मांच्या या कथांत प्राणी बोलतात, वृक्षदेवता हस्तक्षेप करतात, इंद्राचे आसन तापते आणि माणसे मात्र आहेत तशीच मूर्ख, लोभी, प्रेमळ असतात. त्यांतील कितीतरी कथा विद्यापीठातल्या आहेत. तक्षशिलेचा किंवा वाराणसीचा जगविख्यात आचार्य, त्याच्याजवळ शिकणारे पाचशे विद्यार्थी, गुरूची सेवा करून शिकणारे गरीब आणि दक्षिणा मोजून शिकणारे श्रीमंत, असा तो सारा थाट आहे. महाविद्यालयीन जीवनावरचे अद्भुत आणि विनोदी कथावाङ्मय आपल्याकडे परक्या देशातून आले अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी जातके उघडून पाहावीत.

‘नंगलीस जातक’ याची साक्ष देईल. वाराणसीच्या आचार्याजवळ एक मंदबुद्धी पण अत्यंत सेवाभावी शिष्य असतो. एके रात्री गुरूच्या पलंगाच्या एका खुराखाली टेकण नसते; दुसरे काही सापडेना म्हणून हा पठ्ठ्या स्वतःच्या मांडीचा टेकू देऊन रात्रभर तसाच बसून राहतो. गुरूचे मन द्रवते. या मुलाला कसेही करून शिकवायचे, असे ठरवून तो त्याला रोज पाहिलेली वस्तू कशासारखी होती ते सांगायला लावतो. शिष्य साप पाहून येतो आणि तो नांगराच्या इसाडासारखा होता असे सांगतो. गुरूला वाटते, उपमा बरी आहे. मग हत्ती दिसतो, तोही इसाडासारखा. सोंड मनात धरून म्हणाला असेल, अशी गुरू स्वतःची समजूत घालतो. ऊसही इसाडासारखा, हेही चालून जाते. शेवटी दूधदही खाऊन आलेला शिष्य तेही इसाडासारखेच होते असे सांगतो, तेव्हा मात्र गुरू हात टेकतो आणि त्याला निरोप देतो. दुसऱ्या एका जातकात विद्येने माजलेले पाचशे शिष्य एका बोरीच्या झाडाला हाताने ठोकत, यात काही गर नाही असे गुरूला उद्देशून सुचवतात; तेव्हा गुरू त्यांना काळाविषयी असे एक कोडे घालतो की, सगळ्यांचे तोंड बंद होते. अध्यापकी केलेल्या कोणालाही या कथा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वाटणार नाहीत.

जोशी यांनी १९३० मध्ये ‘जातकातील निवडक गोष्टी’ हे पुस्तक मराठीत आणले. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांचा पहिला विनोदी कथासंग्रह प्रसिद्ध झाला. हा क्रम अर्थपूर्ण आहे. नंगलीस जातकातील विनोदाचे वैशिष्ट्य असे की, त्यात शिष्याची कुचेष्टा नाही. तो मूर्ख आहे, पण रात्रभर मांडीचा टेकू देणारा आहे. आपण त्याला हसतो आणि त्याच वेळी तो आपल्याला आवडू लागतो. चिमणरावाच्या बाबतीत वाचकाची हीच अवस्था होते.

मराठी विनोदाला तोवर एक भक्कम परंपरा लाभलेली होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’नी (१९१०) रूढी आणि अंधश्रद्धा यांवर विनोदाचे शस्त्र चालवले. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी बाळकराम या नावाने त्या विनोदाला कल्पनेचे पंख दिले. दोघांचाही भर कोटीवर, अतिशयोक्तीवर आणि भाषेच्या आतषबाजीवर होता. १९१९ मध्ये गडकरी गेले. त्यानंतर आलेल्या जोशींनी शस्त्रही उचलले नाही आणि आतषबाजीही केली नाही. त्यांनी साधी, बोलकी, घरात वापरायची मराठी घेतली आणि एका सामान्य माणसाला स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने सांगायला बसवले. ती सांगताना आपण हास्यास्पद ठरत आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. शब्दांतला विनोद प्रसंगात आणि प्रसंगातला स्वभावात नेण्याचे हे काम मराठीत त्यांच्याइतक्या सहजतेने त्याआधी कोणी केले नव्हते.

त्यांच्या पुस्तकांची नावे पाहिली तरी माणसाचा स्वभाव कळतो. पहिला संग्रह ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२). इंदापूर-बारामतीकडच्या वाचकाला गुऱ्हाळ समजावून सांगावे लागत नाही. उसाचा रस काहिलीत आटला म्हणजे गूळ होतो. एरंडाचे गुऱ्हाळ घातले तर मात्र हाती काहीच लागत नाही, म्हणून निरर्थक बडबडीला मराठीत तो वाक्प्रचार. दुसरा संग्रह ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ (१९३३). चऱ्हाट म्हणजे दोरखंड आणि चऱ्हाट लावणे म्हणजे न संपणारे कंटाळवाणे बोलणे. तिसरा ‘वायफळाचा मळा’ (१९३६). आपल्या लेखनाविषयी वाचकाने जे काही वाईट म्हणावे, ते लेखकाने मुखपृष्ठावरच म्हणून ठेवलेले! ‘आणखी चिमणराव’ (१९४४), ‘ओसाडवाडीचे देव’ (१९४६), ‘गुंड्याभाऊ’ (१९४७), ‘रहाटगाडगं’ (१९५५), ‘हास्यचिंतामणी’ (१९६१) असा हा ओघ तीन दशके चालू राहिला.

चिमणरावाचे कुटुंब म्हणजे एक पक्ष्यांची शाळाच आहे. स्वतः चिमण, पत्नी काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू, बहीण चिमी. बोलणाऱ्या पक्ष्यांच्या कथा ज्याने पालीतून मराठीत आणल्या त्याच्या हातून हे नामकरण व्हावे, यात गंमत आहे. पण या घरट्यात अद्भुत असे काहीही घडत नाही. लग्न जमवायचे असते, पाहुणे यायचे असतात, प्रवास करायचा असतो, कुठला तरी उत्तम संकल्प सोडायचा असतो. ‘स्पष्टवक्तेपणाचे प्रयोग’ या शीर्षकातच एका अनर्थाची सारी शक्यता दडलेली आहे. चिमणराव भिडस्त, भाबडा, सरळमार्गी. त्याचा चुलत-मावसनात्यातला सोबती गुंड्याभाऊ आडदांड, हातात सोटा, डोक्यात नवनव्या योजना आणि प्रत्येक योजनेविषयी अढळ आत्मविश्वास. एकाजवळ धैर्य नाही आणि दुसऱ्याजवळ विवेक नाही. दोघे एकत्र आले की फजितीला कोणताही अडथळा उरत नाही.

या हसण्याखाली एक दुखरी जागा आहे. चिमणराव ज्या वर्षांत अवतरला ती जागतिक मंदीची वर्षे होती. शिकलेल्यांना नोकऱ्या मिळत नव्हत्या, होत्या त्यांचे पगार कापले जात होते. बहिणीचे लग्न हा कर्त्या भावाच्या गळ्याचा फास असे. हुंडा, मानपान, पत्रिका, मुलगी दाखवण्याचे सोहळे यांत कित्येक कुटुंबे कर्जात बुडत आणि त्यांत सर्वांत जास्त अपमान त्या मुलीचा होई. कोल्हटकरांच्या पिढीने या चालीवर प्रहार केला. कादंबरीकारांनी अश्रू ढाळले. जोशींनी त्याच प्रसंगात चिमणरावाला आणि गुंड्याभाऊला उभे केले. वाचक पोट धरून हसला आणि हसता हसता त्याला आपल्याच घरातला मांडव दिसू लागला. उपदेश कोणी केला नव्हता, म्हणून तो नाकारायचीही सोय नव्हती.

याच कथाविषयावर १९४० मध्ये मास्टर विनायक यांनी ‘लग्न पाहावं करून’ हा चित्रपट काढला. दामूअण्णा मालवणकरांचा चिमणराव आणि विष्णुपंत जोगांचा गुंड्याभाऊ यांनी महाराष्ट्राला वेड लावले. १९४२ मध्ये ‘सरकारी पाहुणे’ आला. छापील पानावरचा चिमणराव आता पडद्यावर चालू-बोलू लागला आणि पुस्तके न वाचणाऱ्यांच्याही ओळखीचा झाला. लेखक मात्र बडोद्यातच होता, आपल्या पोथ्यांमध्ये.

त्या पोथ्यांचे काम लहान नव्हते. लंडनची ‘पाली टेक्स्ट सोसायटी’ ही १८८१ मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी स्थापन केलेली संस्था. पाली त्रिपिटक आणि त्यावरील अट्ठकथा रोमन लिपीत चिकित्सकपणे संपादित करून प्रसिद्ध करणे हे तिचे व्रत. ‘पटिसंभिदामग्ग’ या तत्त्वचिंतनपर ग्रंथावरील महानामकृत ‘सद्धम्मप्पकासिनी’ या टीकेचे संपादन तिने जोशी यांच्याकडे सोपवले. अशा संपादनात निरनिराळ्या लिप्यांतील पाठ ताडून पाहावे लागतात, एकेका शब्दासाठी आठवडे खर्ची पडतात आणि काम पूर्ण झाल्यावर ते वाचणारे जगात शेदोनशे असतात. या ग्रंथाचे तीन खंड १९३३ ते १९४७ या काळात प्रसिद्ध झाले. मध्ये एक महायुद्ध होऊन गेले.

आता या वर्षांची सांगड घालून पाहावी. १९३३ मध्ये ‘सद्धम्मप्पकासिनी’चे काम पहिल्यांदा छापून आले आणि त्याच वर्षी ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ निघाले. १९४७ मध्ये ते काम पूर्ण झाले आणि त्याच वर्षी ‘गुंड्याभाऊ’ प्रसिद्ध झाला. एकाच टेबलावर, एकाच दौतीतून, चौदा वर्षे या दोन धारा शेजारीशेजारी वाहत होत्या. त्यांतली एक दुसरीवरचा उतारा होती, असे म्हणणे सोपे आहे. रुक्ष कामाचा शीण घालवण्यासाठी विद्वान विनोद लिहितात अशी एक समजूतही आहे. पण दोन्हींच्या मुळाशी एकच दृष्टी होती, असे म्हणण्यास अधिक आधार सापडतो. मी आणि माझे यांना चिकटून बसण्यातून दुःख उपजते, हे बुद्धविचाराचे सार. चिमणरावाच्या बहुतेक फजित्या नेमक्या तिथूनच सुरू होतात. आपल्या प्रतिष्ठेला, आपल्या संकल्पाला, लोक काय म्हणतील या भीतीला तो घट्ट धरून बसतो आणि आपटतो. जोशी त्याला शिक्षा करत नाहीत, सुधारतही नाहीत. तो जसा आहे तसा, करुणेने, पाहतात. अहंकाराची हवा काढून टाकणे आणि ती काढताना माणसाला मात्र न दुखावणे, हे विनोदकाराचे काम आहे आणि भिक्षूचेही.

या विनोदाला मर्यादा नव्हत्या असे नाही. त्याचे जग पुण्यामुंबईच्या पांढरपेशा, ब्राह्मणी मध्यमवर्गापुरते होते. मळा आणि गुऱ्हाळ ही नावात आली, पण ते पिकवणारा माणूस कथेत क्वचितच आला. काऊसारख्या स्त्रिया चतुर असल्या तरी त्यांचे क्षितिज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच संपते. काही कथा आज लांबलेल्या वाटतात. ज्या वर्गाचे हे चित्रण आहे तो वर्गही त्या रूपात आता उरलेला नाही. परंतु अभ्यासक जोशी मात्र या कुंपणाच्या पलीकडे गेले होते.

१९३५ मध्ये त्यांचे ‘शाक्यमुनी गौतम’ हे चरित्रपर पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता; पण महाराष्ट्रात बुद्धाकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याचा तो काळ होता एवढे खरे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि जी भाषा काही मूठभर पंडितांची होती, तिच्यातील वचने वस्त्यावस्त्यांतून उच्चारली जाऊ लागली. बुद्धाविषयी विश्वसनीय मराठी पुस्तके हवी होती आणि ती लिहू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. कोसंबी १९४७ मध्येच निवर्तले होते. जोशी यांनी १९६३ मध्ये ‘बुद्धसंप्रदाय व शिकवण’ हे पुस्तक मराठी वाचकाच्या हाती दिले. फर्ग्युसनच्या वर्गात पन्नास वर्षांपूर्वी धरलेल्या आडवाटेचा असा हमरस्ता झालेला त्यांना पाहायला मिळाला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर चिमणरावाने पुन्हा उचल घेतली. १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनने त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘चिमणराव’ ही मालिका सादर केली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ यांनी कृष्णधवल पडद्यावर जे गारूड केले ते त्या पिढीच्या स्मरणात कायमचे राहिले. शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून ही मालिका पाहिलेली मुले आता आजी-आजोबा झाली आहेत. भारतीय दूरचित्रवाणीवर कौटुंबिक मालिकांचा महापूर येण्याआधी, एका पाली प्राध्यापकाने चाळीस वर्षांपूर्वी रंगवलेले घर मराठी माणसाने आपले म्हणून पाहिले.

तरीही शिखरच दिसत राहिले. जोशी यांच्या विनोदी पुस्तकांच्या आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या जातककथा आणि बुद्धचरित्र यांची आठवण अभ्यासकांपुरती उरली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. एकाच दिवशी या दोन्ही भाषांचा गौरव झाला तेव्हा, दोन्हींचा संसार एकाच घरात चाळीस वर्षांहून अधिक काळ निष्ठेने करणाऱ्या या माणसाची आठवण अगत्याने व्हायला हवी होती.

उजनीचे पाणी उतरते तेव्हा पळसनाथाच्या मंदिराकडे लोकांची रीघ लागते. शिखर तर त्यांनी दरवर्षी पाहिलेले असते; ते येतात पायऱ्या, खांब आणि कोरीवकाम पाहायला. चिं. वि. जोशी यांच्याकडेही असेच जायला हवे. चिमणरावाला हसून झाले की, त्याच्या खालच्या मंडपात पाऊल टाकावे. तिथे एक गृहस्थ दिव्याच्या उजेडात दोन वह्या समोर ठेवून बसलेला आहे. एकीत सहाव्या शतकातील एका भिक्षूची वाक्ये आहेत आणि दुसरीत पुण्यातल्या एका कारकुनाची फजिती. दोन्हींकडे तो सारख्याच गांभीर्याने पाहत आहे.